आवर्तन

शिरूर मागे पडलं, डांबर संपलं, ऊस सुरू झाला.
फाट्यावरचा चहावाला म्हणाला, "कुंडावर निघालात?
जावा. धरणातनं आवर्तन सुटलंय, शुक्रवारपर्यंत आहे पाणी.
मागल्या आठवड्यात आला असता
तर नदीची नुसती हाडं बघितली असती."
नणंद मागच्या सीटवर. तिने त्याचे ओठ पाहिले,
मग माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या: काय?
मी हातांनी पाणी केलं. चुकीचंच केलं असणार,
कारण ती हसली, आणि मान हलवली,
अकरा वर्षं हलवते आहे तशी.

गाव म्हणजे एक मारुती, दूध संकलन केंद्र,
शाळेच्या भिंतीवर अर्धा उडालेला तेराचा पाढा.
त्यापुढे सगळं सपाट,
पौषातलं ऊन, ज्वारीत नुकताच भरलेला हुरडा,
नदीचा कुठे मागमूस नाही.
मग पाय थांबले,
कारण जमीन थांबली होती.

खाली काळा कातळ, उभा चिरलेला.
त्यात रांजण, उखळं, परातीएवढे खळगे,
एखादीने भांडी घासून पालथी घालायची सोडून
उताणीच ठेवली असावीत तसे.
पाणी या रांजणातून त्या रांजणात,
अरुंद बोळातून एकदम खोल घळीत.
पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकाने आलेलं पाणी,
पण आवाज मात्र कुणाची सही घेऊन आला नव्हता.

नीलकंठ ओरडून काहीतरी सांगत होता.
मी ओरडून "काय?" म्हणत होते.
आमची पोरगी कानांवर हात ठेवून ओरडत होती, उगाच.
ग्रामपंचायतीने नेमलेले भिकाजी पाचर्णे
शिट्टी फुंकत होते, गाल फुगलेले दिसत होते
आणि शिट्टी दिसत होती, एवढंच.
शेवटी त्यांनी शिट्टी खिशात घातली
आणि काठीने दाखवलं: शेवाळ. मागं व्हा.

हेमलता त्यांच्याजवळ गेली.
एका रांजणाकडे बोट, मग तळवा उताणा: हे कसं?
पाचर्ण्यांनी काठी काखेत मारली.
डाव्या हाताची ओंजळ, तिच्यात उजवी मूठ,
मूठ गरगर, गरगर, गरगर.
अडकलेला गोटा. बाहेर पडायला वाट नाही, म्हणून फिरत राहिलेला.
तिने विचारलं, किती वर्षं?
त्यांनी हात आभाळाकडे नेला आणि तिथेच सोडून दिला.
मग तिने काही सांगितलं, त्यांनी काही सांगितलं,
ते पोट धरून हसले,
आणि मला कळलं नाही.
अख्ख्या घळीत गप्पा फक्त त्या दोघांच्या चालल्या होत्या,
आम्ही बाकीचे मासे, नुसती तोंडं उघडणारे.

हे "मासे" माझं नाही, तिचं.
नंतर तिनेच करून दाखवलं, भावाकडे बोट करून,
गालांची उघडझाप,
आणि यावेळी मला पहिल्या फटक्यात समजलं.
पाण्याच्या तुषारांनी चष्मा भिजला होता,
म्हणून डोळे पुसावे लागले. म्हणजे,
चष्म्यामुळेच.

परतताना फाट्यावर पुन्हा चहा.
कप विसळल्याचा आवाज, ट्रॅक्टर, कांद्याचा भाव,
नीलकंठ म्हणाला, "काय आवाज होता!"
आणि डांबर लागेपर्यंत
आम्ही तिघं पुन्हा तिच्या डोक्यावरून बोलायला लागलो होतो,
सवयीने, दुष्टपणाने नव्हे,
सवय दुष्टपणापेक्षा जास्त वर्षं टिकते.

शिक्रापूरच्या चौकात सगळं तुंबलेलं.
आरशात पाहिलं, ती काचेला डोकं टेकून झोपली होती.
मी मांडीवर, पर्सच्या आडून,
डाव्या हाताची ओंजळ केली, उजवी मूठ तिच्यात ठेवली.
फिरवली. बांगड्या मध्ये येत होत्या, त्या वर सारल्या.
पुन्हा फिरवली.
मागून खांद्यावर टकटक झाली.
झोपली नव्हती ती.
तिने माझं मनगट धरलं, जरा तिरकं केलं:
असं.