रकाना सातवा

कंधारच्या जनावरांच्या दवाखान्यात
सव्वीस वर्षं मी दोर धरला.
रजिस्टरात सातवा रकाना: खच्चीकरण.
त्यात फक्त आकडा लिहायचा.
गोऱ्ह्याचं नाव लिहायला जागा नव्हती.

परवा तोच शब्द पेपरात मोठ्या टायपात आला.
विनाअनुदानित शिक्षकांचं, म्हणे, खच्चीकरण.
मी चष्मा पुसून पुन्हा वाचला.
लिहिणाऱ्यानं चिमटा कधी हातात धरला नसेल,
पण शब्द बरोबर पडलाय.

कसं असतं, सांगतो.
पूर्वी दगडानं बडवायचे, अख्खं गाव ऐकायचं.
आता चिमटा. रक्त नाही,
कातडीला ओरखडा नाही,
आतली शीर तेवढी चिरडते.
इनामदार डॉक्टर घड्याळ बघत साठ मोजायचे,
मग दुसरी बाजू, पुन्हा साठ.
मालक लिंबाखाली तंबाखू मळत विचारायचा,
"कामाला कधीपासून धरू?"

एक गोष्ट मात्र कुठल्याच रकान्यात येत नाही.
दोर सोडला तरी जनावर लगेच उठत नाही.
पाय मोकळे असतात,
ते बांधल्यासारखंच पडून राहतं,
पाठीवर थाप पडेपर्यंत.

माझी शिवकन्या बारा वर्षं शाळेत खेळ शिकवते.
पगार नाही. मान्यतेची फाईल पुण्यात,
नाहीतर मुंबईत,
नाहीतर कुणाच्या तरी कपाटावर.
हजेरीपटावर तिची सही पेन्सिलीनं घेतात.
मागच्या बैठकीत संस्थेचा सचिव हसत म्हणाला,
"पेन्सिलवाल्यांनी मागं बसा."
ती मागं जाऊन बसली.
हे तिनं नाही सांगितलं, शिपाई सांगून गेला.
साठ मोजायलासुद्धा कुणी नव्हतं तिथं.

हीच पोर खो-खोच्या मैदानात ओरडली
की मन्याडच्या पल्याड बगळे उठायचे.
आता, जेवलीस का? हं.
अंग दुखतंय का? हं.
भांडली असती
तर मी एवढा घाबरलो नसतो.

थाप मारावी म्हणून हात उचलला
आणि तसाच खाली घेतला.
रिटायर होऊन तीन वर्षं झाली,
अजून आयोडीनचा वास जात नाही याचा.

खुंटीवर तिची शिट्टी होती.
तोंडात कुंभारणीनं मातीचं घर केलेलं.
ओसरीत बसून बाभळीच्या काट्यानं कोरत राहिलो.
माती, वाळलेली अळी, पुन्हा माती.
फुंकली. नुसती हवा.
आणखी एकदा. नुसती हवा.

ती पाठमोरी, ज्वारी निवडत होती.
मान वळवली नाही.
"मणी अडकलाय आतला," म्हणाली,
"कोमट पाण्यात टाका, बाबा.
आन् तुम्ही नका फुंकू.
तुम्हाला येत नाही."