चांदीसकट

पोलीस तेव्हा काटा बाळगत नसत.
झाडती असली की जीप आधी म्हापशाला यायची
आणि फौजदार पायरीवरूनच हाक मारायचा:
रायकर, तराजू घ्या.

मी घ्यायचो.
सागवानी पेटी, पितळेची पारडी,
चिमट्याने उचलायची वजनं,
तळाशी बापाच्या वेळच्या गुंजा, काळ्या डोळ्यांच्या.
भत्ता नसायचा. चहा असायचा.

हणजुण्याला, वागातोरला, एकदा तर माडांत, कंदील धरून
मी असला माल तोलला आहे
ज्याचा कस लावायला दगड नाही.
मोहोर करायला लाखही माझीच.
बांगड्यांत भरायची ती लाख
पाकिटांवर टपटप पडायची
आणि जीपमध्ये दुकानासारखा वास सुटायचा.

कायदा नवा होता. कमीत कमी दहा वर्षं.
पुडी लहान असली, स्वतःपुरती असली, तर वर्षभर.
लहान म्हणजे किती
ते दिल्लीने छापून पाठवलं होतं:
ब्राऊन शुगर, पाव ग्रॅम.
पाव ग्रॅम म्हणजे दोन गुंजा.
सोन्यात एवढं आम्ही घटीत धरतो.

इनास. इस्प्रांसचा धाकटा.
जहाजावर जायचा होता, गेला नाही.
खिशात एकच पुडी,
सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीत गुंडाळलेली.
त्याच्या नाकातून पाणी गळत होतं
आणि तो थरथरत होता, एप्रिलमध्ये.
मी विचारलं, चांदी काढू?
फौजदाराला घरी जायचं होतं.
राहू दे, म्हणाला. सकट.

सकट साडेतीन गुंजा.
मी सही केली. अक्षर चांगलं आहे माझं.

पुढच्या शुक्रवारी, बाजाराच्या गर्दीतून,
इस्प्रांस दुकानात आली. वकिलाला पैसे हवे होते.
गळ्यातली साखळी काढून तिने ठेवली
त्याच पारड्यात.
मी दोरा सोडवला. क्रुसाच्या मागची मेणमाती
सुईने खरवडून काढली.
घाम पुसला. मग तोललं.
दुसऱ्याचं सोनं असंच तोलायचं असतं,
बापाने शिकवलेलं.
तिने पैसे मोजले नाहीत.
देव बरें करूं, शेट, म्हणाली.

कोर्टात मला तीन प्रश्न आले.
वजन कोणी केलं? मी.
काटा बरोबर? बरोबर.
सही तुमचीच? माझीच.
चांदीचं कोणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर मी काय बोललो असतो
हे मी अजून ठरवतो आहे.

आग्वादला पहिले आठ दिवस
तो भिंतीला पाठ घासत होता,
सुटून आलेल्या एकाने सांगितलं.
डॉक्टर तापाची गोळी देऊन गेला.
दहा वर्षं. आणि लाखाचा दंड कुठून भरणार,
म्हणून वर एक.

तो सुटला, आणि पुढच्याच वर्षी
दिल्लीने लहानपण मोठं केलं:
पाव नाही, आता पाच ग्रॅम.
चाळीस गुंजा आणि वर थोडं.
पेपरात चार ओळी होत्या, सोन्याच्या भावाखाली.
त्या रात्री मी सिगारेटचं पाकीट आणलं.
मी ओढत नाही.
चांदी सोलली, साधारण तेवढीच फाडली,
पारड्यात ठेवली.
दीड गुंज.
पुन्हा तोलली. दीड.
बायकोने आतून विचारलं, एवढ्या रात्री कोणाचं काम?

आता दुकानात विजेचा काटा आहे, मुलगा बसतो.
कोपऱ्यापलीकडे सरकारने केंद्र उघडलंय.
नर्स समोर बसवून जिभेखाली गोळी देते,
विरघळेपर्यंत उठू देत नाही.
दोन मिलिग्रॅम, मी चौकशी केली.
माझ्या जुन्या तराजूला ती कळलीही नसती.

साडेनवाला इनास समोरून जातो.
केस माझ्याहून पांढरे.
तोंड मिटलेलं; गोळी कडू असते म्हणतात,
चव बराच वेळ राहते.
तो मान हलवतो.
मीही हलवतो.
कधी कधी तो पायरीपाशी थांबतो, एक क्षण,
आणि माझा हात पेटीकडे जातो.