वार की वस्ती

फाईलचं नाव कामं. नुसती अक्षरं आहेत तिच्यात,
रंग नाहीत, चौकटी नाहीत, मागे फुलाचं चित्र नाही.
एक ओळ म्हणजे एक शिलाई मशीन:
कोणाचं, कुठलं, काय बिघडलं, किती घ्यायचे.
आधी एक रिकामा कंस. काम झालं की त्यात फुली.

हेमराज म्हणायचा, कागदाची वही तेल पिते,
ही पीत नाही.
जुन्या लॅपटॉपवर त्यानंच मांडून दिली,
बिघडली तर हात कुठून घालायचा तेही सांगितलं.
मशीनसारखंच:
आधी सुई बदल, मग दोऱ्याचा ताण बघ,
मोटार उघडायची सगळ्यात शेवटी.

पुढचं माझं मी केलं.
मे महिन्यात, कूलरच्या ओल्या गवताच्या वासात
बारा ओळींचा एक नियम लिहिला:
वाराचं नाव दिसलं
की ती ओळ उचलून त्या वाराखाली ठेवायची.
आई इतवार म्हणते, म्हणून इतवारही घातला.
दोन दिवस स्वतःवरच खूश होते.

मग यमुताई निमजेंचा फोन.
"कावून वं, आलीच नाही तू?
चौदा ब्लाउज, गुरुवारचं लग्न,
हातानं शिवत बसलो ना आम्ही रातभर."
मी म्हटलं, माझ्याकडे शुक्रवार दिसतोय.
"वार कोणं सांगितला तुले?
शुक्रवारी म्हटलं. जुनी शुक्रवारी. पत्ता सांगितला मी."

रात्री बसले.
अर्ध्या नियमापुढे # टाकून त्याला झोपवलं,
चूक जागीच.
दुसरा अर्धा झोपवला, पहिला उठवला.
मग अर्ध्याचा अर्धा.
तीन वाजता कूलरचं पाणी संपलं, पंप कोरडा घरघरला,
आणि तेव्हा कळलं, नियम धड आहे,
या गावानंच वारांना घरं बांधून दिलीत.

सोमवारी क्वार्टर. जुनी मंगळवारी. बुधवारी बाजार.
माझ्या रविवारात एक्केचाळीस मशिनी कोंबलेल्या,
आणि मी समजत होते, आळस साचलाय.
त्या सगळ्या इतवारीच्या.
गुरुवारची वस्ती मला अजून सापडली नाही.
लग्न नेमकं तिथं निघालं.

शेवटच्या र ला दिलेली ती वेलांटी,
वेळेलाही तीच, जागेलाही तीच.
ऐकणाऱ्यानं ओळखायचं.
लॅपटॉप कसा ओळखणार, त्याचं कुठे इथं माहेर आहे?

ठरवलं, जागेपुढे @ लावायचं.
मग दोन वर्षांच्या ओळी एकेक करून:
[x] @इतवारी, धकाते, पायडल, दीडशे.
[x] @बुधवारी, सायरा आपा, पट्टा तुटला, पैसे नंतर.
[ ] शनिवारी भेटू. हेमराज.

मशीन नाही. बिघाड नाही. रक्कम नाही.
सोमवारी फोनवर बोलला, जसं ऐकलं तसं टाकलं होतं.
शनिवारची संध्याकाळ मी त्याच्या दुकानासमोर काढली,
शटर बंद,
शेजारच्या इस्त्रीवाल्याचा कोळसा विझेपर्यंत.
पुढच्या आठवड्यात तो सुरतेला गेला.
मी विचारलं नाही. त्यानंही नाही.

पण दर मंगळवारी तो
जुन्या मोटारी बघायला शनिवारीत जायचा.
चहाची टपरी ठरलेली, मला ठाऊक होती.
मंगळवारी. शनिवारीत.
त्या मंगळवारी मी कुठे होते, तेही फाईलमध्ये आहे:
घरी. जुन्या सुया निवडत.

कर्सर ओळीच्या तोंडाशी उभा राहिला.
शिफ्ट दाबून धरलं, दुसरं बोट दोनच्या आकड्यावर ठेवलं.
नंतर दोन्ही काढली.

शोधाच्या खणात अजून ही एकच ओळ येते,
@ नसलेली. नियमात तिच्यासाठी वेगळी सूट लिहिली:
हिला कुठेही हलवू नये.

मग खाली नवी ओळ.
[ ] @शुक्रवारी, यमुताई, बॉबिन केस. सकाळी आधी हेच.
पैसे घ्यायचे नाहीत.