त दाबला की

मंगळवारी दुकान उघडलं, उदबत्ती लावली,
मशीन चालू केलं
आणि घर तेच, पण कुणीतरी रात्रीत
दारं दुसऱ्या भिंतीत बसवून गेलेलं.

अपडेट झालं म्हणे. मला न विचारता.

विट्याच्या स्टँडसमोर, दहा बाय बाराच्या गाळ्यात
एकोणीस वर्षं मी लग्नपत्रिका जुळवतोय.
त दाबला की तारळेकर.
परत त, तुपे.
तिसऱ्यांदा त, मळ्यातले तोडकर.
किबोर्डावरचा त कधीच पुसून गेलाय,
बोटाला त्याची गरज नव्हती.

आता त दाबला
की वर एक पांढरी पट्टी उघडते
आणि अख्खं मशीन त शोधत सुटतं,
चुकलेल्या शेरडामागं माळभर हिंडावं तसं.
मी काय शोध म्हणालो नव्हतो.
मला ठाऊक होतं कुठं आहे ते.
मला फक्त तिथं जायचं होतं.

अकराला फोन. त्रिशूरहून विश्वंभर तारळेकर.
गलाईवाले. सोनं तिकडं गाळतात,
लग्नं इकडं येऊन करतात.
"बहिणीची पत्रिका, भाऊ. आईचं नाव वर घ्या,
आणि आत्ता पाठवा, भट्टी पेटलीय."

त. ता. तार.
पट्टीखाली सगळं एका गोणीत ओतल्यासारखं.
मुंजीचं कार्ड, जागरणाची पावती, टेम्पोचं स्टिकर.
पूर्वी दोनदा टिचकी मारली की उघडायचं,
आता एकदाच पुरते, जरा हात लागला तरी.
मागं यायची किल्ली दाबली.
मागं आलं नाही.
गडबडीत जे वर होतं ते ओढलं आणि सोडलं
त्रिशूरच्या नंबरावर.

दोन निळ्या खुणा झाल्या
तेव्हा मी काय पाठवलं ते पाहिलं.
कै. बळवंत तारळेकर, भावपूर्ण, आठ बाय सहा,
फेटा, आणि फोटोसाठी आवरून धरलेलं हसू.
तीन वर्षांपूर्वी रात्री दोनला मीच केला होता तो बॅनर,
मागचा खांब पुसून ढग घातले होते.

फोन लावला, उचलला नाही.
चहा आला, साय धरली.
गिऱ्हाईक येऊन झेरॉक्स काढून गेलं.

साडेबाराला एवढंच आलं :
"आईनं बघितला. खांब कुठं गेला विचारती.
त्यो आमच्या वस्तीवरचा हाय म्हणती."

मी पत्रिका शोधली. हातानं, एकेक फोल्डर उघडत,
आईचं नाव वर घेतलं, पाठवली.
मग जुनी फाईल काढून बघितली, खांब ठेवला होता का.
नव्हता ठेवला.

संध्याकाळी भाचा आला, प्रणित, पुण्यात असतो कंपनीत.
म्हटलं, जुनं होतं तसं करून दे.
त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं.
"ते काढूनच टाकलंय मामा. कुणी वापरत नव्हतं म्हणे."

कुणी म्हणजे कोण?
मी वापरत होतो.
मी रोज वापरत होतो.

"सवय होईल," म्हणाला तो,
आणि ते खरं आहे, त्याचाच तर राग येतो.

शटर ओढायच्या आधी
मशीन बंद असताना
मी एकदा त दाबला.