चव्वेचाळीस इंच

कारखान्यातून रात्रपाळी करून आले
की कोंबडीचा वास आधी न्हाणीघरात सोडायचा,
मग स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून
वही उघडायची.
पहिल्या पानावर क्विन्सीनं किल्ला काढलाय,
बुरुजाबुरुजावर मी दर लिहिलेत :
मोठ्यांचं तिकीट, लहानांचं तिकीट, पार्किंग.
खंदकात, लेमारच्या अक्षरात,
‘पाणी घरून नेणे’. दोनदा अधोरेखित.

डोथनहून तीनशेवर मैल.
पहाटे चारला निघायचं,
टॅलाहासीच्या पुढे एकदाच पेट्रोल,
सँडविच गाडीतच.
आतल्या हॉटेलात एका रात्रीचे जे पडतात
त्यात आमचा महिन्याचा किराणा येतो, वर केझायाचे बूट.
म्हणून बाहेरचं मोटेल, सव्वीस मिनिटांवर.
सकाळी वॅफल फुकट.
लेमार म्हणतो, मोठ्या खिशांची जॅकेटं घाला,
म्हणजे दुपारही फुकट.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरंय.
पण ते इतकं आखूड कुणी विणलं
हे कुणी विचारत नाही.

बाकी सगळं जुळतं.
जुळत नाही ती केझाया.
मोठ्या रोलरकोस्टरला चव्वेचाळीस इंच लागतात,
ती बेचाळीस. आणि एक केस.
दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत,
तिथं रोज उभी राहते, टाचा हळूच उचलते,
मी भांडी विसळत राहते.
नाक दाबून दूध पिते आता.
परवा विचारत होती,
मोजताना अंबाडा धरतात का?

पुढच्या वर्षी जाऊ, मी म्हटलं.
वहीत नव्या पानावर लिहिलंसुद्धा : पुढचं वर्ष.

सोफ्यावर लेमारचे वडील होते, ओझेल.
ते काही बोलले नाहीत.
एकोणिसाव्या वर्षी त्यांनी तिथं काँक्रीट ओतलंय,
दलदल बुजवत, डास हाकत,
तासाला दोन डॉलर आणि काही सेंट.
उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात
त्यांची टोळी घरी पाठवून दिली.
त्या फाटकाची त्यांना माहीत आहे ती आतली बाजू,
बंद असतानाची.
तिकीट कधी काढलं नाही.

मागच्या हिवाळ्यात एक गुडघा गेला.
दुसऱ्याबद्दल बोलताना
डॉक्टर खिडकीबाहेर बघतात.
म्हणजे हिशेब असा,
वर्षभर थांबलं तर एक जण दोन इंच वर येईल
आणि एक जण किती खाली जाईल
ते कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नाही.

काल वही मिटून दिवा घालवायला उठले
तर ते चौकटीशी उभे.
पाठ रेघांना टेकलेली, तळहात डोक्यावर सपाट,
केझाया करते तसाच.
म्हणाले, पेन्सिल दे.
मी रेघ मारली.
लेमार शाळेत असताना मारलेली त्यांची जुनी रेघ
तीन बोटं वर होती.
आम्ही दोघांनीही ती पाहिली,
आणि मग फ्रिजकडे.

मी म्हटलं, फाटकाशी चाकांची खुर्ची मिळते भाड्यानं,
पण एवढी गर्दी, चढउतार,
लेमारची कंबर...

उताराचं मला सांगू नकोस, ते म्हणाले.
मोठ्या रस्त्याला फुटामागे पाव इंच आहे,
पाणी जाण्यापुरता.
दोरी मी धरली होती.
खुर्ची डावीकडे ओढेल, थोडीशी.
लेमारला सांग, उजवा हात घट्ट ठेव.

ते पान मी फाडलं नाही.
‘पुढचं वर्ष’ खोडलं, तिथंच मार्चमधली तारीख घातली,
खाली, बेचाळीस इंचांना चालतील अशा सात गोष्टी.
आठवी सापडेना.
आठव्या ओळीत लिहिलं :
डावीकडे ओढेल.