तुटक रेषा

झ्लीनच्या जुन्या बूट कारखान्यात
तिसऱ्या मजल्यावर आमचा वर्ग भरतो.
लाल विटा, लोखंडी खिडक्या,
फळ्यांच्या फटींत अजून चामड्याचा वास,
दिवस ओला असला की तो वर येतो.

ह्लाविन्कोवाबाई आल्या आल्या पेन्सिली तपासतात.
"ज्याला टोक काढता येत नाही
त्यानं बाहुलीला हात लावू नये."
याच मजल्यावर बावीस वर्षं
त्यांनी कागदावर टाचा काढल्या:
वरून, समोरून, बाजूनं.
ते बूट कुणी घातले, कुठं झिजवले, ठाऊक नाही.
उंची मात्र मिलिमीटरपर्यंत तोंडपाठ.

पहिला महिना नुसत्या रेघा.
ठळक रेघ, जे दिसतं त्याची.
बारीक रेघ मापाची, दोन्ही टोकांना बाण.
लांब रेघ, ठिपका, लांब रेघ, ठिपका: हा मध्य,
तो वस्तूवर कुठंच काढलेला नसतो
आणि त्याच्यावाचून बाहुली एका बाजूला कलते.
तुटक रेघ म्हणजे
आहे, पण आड आहे.
रादोवान म्हणाला, आड आहे ते कॅमेऱ्याला दिसणार नाही,
मग काढायचं कशाला?
बाई गुण्या पुसत म्हणाल्या,
"आतला खिळा कोण ठोकणार? कॅमेरा?"

मग फ्लोचार्ट.
सुरुवात लंबगोलात, काम चौकटीत,
प्रश्न शंकरपाळ्यात.
शंकरपाळ्यातून दोनच वाटा. आनो म्हणजे हो, ने म्हणजे नाही.
पण बोलण्याच्या ओघात आम्ही हो ला नुसतं "नो" म्हणतो,
त्यामुळं कोरियाहून आलेली ह्ये-रिम
दोन आठवडे प्रत्येक प्रश्नातून
चुकीच्या दारानं बाहेर पडत होती.

गृहपाठ होता एकाच हालचालीचा.
माझी बाहुली शिंकली.
नऊ चौकटी, एक प्रश्न: रुमाल आहे?

झ्दिस्लावाच्या कागदावर एक टेबल, एक दिवा,
बटाटे सोलणारा माणूस.
मनगटात चार मिलिमीटरची गोळी, माप चोख.
चौकट: दाराकडे बघ.
शंकरपाळा: दार उघडलं?
नाही. एक साल काढ. पुन्हा दाराकडे बघ.
"हो"चा बाण निघाला होता,
पुढं कागद कोरा.

"हे फिरतच राहील," बाई म्हणाल्या.
"मोजणी घाल. शंभर वेळा झालं की बाहेर काढ त्याला."

"आई लिंट्झला कामाला गेली त्या वर्षी
बाबा मोजत नव्हते."

खाली ट्रॉलीबसचा दांडा तारेवरून निसटला.
ड्रायव्हर हातमोजे चढवून उतरला,
दोरी ओढून, मान वर करून
दांड्याला तार सापडेपर्यंत चाचपडत राहिला.
आम्ही सगळे तेच बघत होतो,
वर्गात बघण्यासारखं दुसरं काही नसल्यासारखं.

बाईंनी पेन्सिलीला टोक काढलं.
खूप वेळ काढलं.
फ्लोचार्ट बाजूला सारून
त्यांनी सेटचं चित्र ओढलं पुढ्यात,
समोरून दिसणारं बंद दार,
आणि दाराच्या पलीकडच्या पायरीवर
तुटक रेघांनी
बायकांच्या बुटाची एक टाच काढली.
पट्टी न लावता.
शेजारी माप लिहिलं: पस्तीस.
बाणांची दोन्ही टोकं नीट भरली.

झ्दिस्लावा म्हणाली, "अडतीस."
बाईंनी खोडलं.
अडतीस केलं.

आमच्याकडे एक म्हणजे सगळ्यांत चांगला शेरा.
तिला दोन मिळाले.
खाली बारीक अक्षरात कारण:
शेवटचा लंबगोल राहिला.