धुळीचा माणूस

डेल्फीन माएस्तास धूळ विकतो.
हसू नका, पस्तीस वर्षं त्याची चूल त्यावर पेटलीय.
आमच्या ओहो सेकोची खरी धूळ कॅमेऱ्याला दिसत नाही,
फार बारीक, फार पांढरी,
उडते आणि उडाल्याचा पत्ता लागू देत नाही.
म्हणून तो नदीकाठची लाल माती आणतो,
तीनदा चाळतो,
घोड्यांच्या डोळ्यांत खडा जाऊ नये म्हणून
शेवटची चाळण हाताने,
आणि गोण्या सिनेमावाल्यांच्या ट्रकवर चढवतो.
"खऱ्या गावाला खोटी धूळ," त्याची बायको म्हणायची.
ती गेली तेव्हा मूठमूठ टाकायला
त्याने चाळलेलीच माती आणली होती.

शुक्रवारी माझ्या थेटरात नवा सिनेमा लागला,
इथेच, आमच्या कुरणांत काढलेला.
एकशेचाळीस खुर्च्या, एकशेसाठ माणसं.
जन्मात खोगीर न कसलेली:
तुरुंगातले पहारेकरी, गोदामात खोकी बांधणाऱ्या पोरी,
तेलविहिरीवर रात्रपाळी करणारा ऑर्विन,
डब्यात मिरचीची भाजी लपवून आणणारा.
(मला वास येतो. मी बोलत नाही.)

शेरीफ म्हातारा. तिसऱ्या प्रयत्नात घोड्यावर चढला.
कुणी हसलं नाही;
निम्म्या थेटराचा गुडघा त्याच क्षणी ठणकला.
मग तो पूर्वेकडे निघाला
आणि साठ मैल पश्चिमेच्या पांढऱ्या खडकांतून बाहेर पडला.
तेव्हा मात्र छप्पर उडायचं बाकी राहिलं.

मग ते टेबल.
दोन वैरी, दोन कप, निवत चाललेली कॉफी.
कुणी ब्र काढत नाही.
मी घड्याळ लावलं होतं: चार मिनिटं.
घरी आम्ही एवढा वेळ गप्प बसलो
तर कुणीतरी घाबरून टीव्ही लावतं.
इथे पोरांच्या हातातले फोनसुद्धा विझले.
तिकिटाचे आठ डॉलर
मला वाटतं, याचेच असावेत.

मेस्कलेरोच्या लायलचा आजा
जुन्या सिनेमांतून एकोणतीसदा मेला.
घोड्यावरून, कड्यावरून,
एकदा तर एकाच सिनेमात दोनदा, टोपी बदलून.
मरणाचे दोन डॉलर,
घोड्यासकट पडलं तर पाच.
पाटीवर नाव एकदाही नाही.
या सिनेमात लायल मरत नाही.
आपल्या दारात उभा राहतो, शेरीफला म्हणतो:
"पाणी हवं तर विहिरीवर आहे. आत येऊ नको."
झालं. एवढंच काम.
तिसऱ्या रांगेतून त्याची आई
सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बरोबर."

डेल्फीन शेवटच्या रांगेत, कडेच्या खुर्चीत.
माणसांकडे त्याचं लक्ष नसतं.
गोळी सुटली, थेटर आक्रसलं,
हा मात्र पुढे झुकला,
पडणाऱ्याच्या कोपराजवळून उठलेली धूळ
कशी वर गेली, कुठे थबकली,
किती वेळाने खाली बसली, ते पाहायला.
मध्यंतरात मला म्हणाला,
"पूर्वी सांगायचे, डेल्फीन, भरपूर उडव,
पडलेला माणूस दिसायला नको.
आता म्हणतात, कमी.
कमी कर, डेल्फीन. दिसू दे."
आणि कॉफीत तिसरी साखर घातली,
डॉक्टरने एकही नको सांगितली असताना.

दिवे लागले. बाहेर पिकअपमध्ये बसून
माणसं चटकन किल्ली फिरवेनात.
ऑर्विन तेवढा गेला, त्याची पाळी होती.

मी झाडायला घेतलं.
मक्याच्या लाह्या, एक हातमोजा, मिरचीची देठं,
आणि खुर्च्यांखाली एकशेसाठ माणसांच्या बुटांची
ती पांढरी, बारीक,
कॅमेऱ्याला न दिसणारी.
सुपलीभर निघाली.
दाराबाहेर झटकली तर
वाऱ्याने अर्धी परत आत आणली.
असू दे. उद्या दोन खेळ आहेत.